स्वमग्नता : वर्तन एक, मेंदू निराळे

ऑटिझम, मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात, हा शब्द पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिसगाव परिसरात फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, इतर पोरांत मिसळत नाही, सायकलचे चाक तासन् तास फिरवीत बसते, असे असले म्हणजे ते ‘मुके’ ठरे किंवा ‘येडे’ ठरे. फार तर घरातील वडीलधारी मंडळी ‘बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून धीर देत. आता अंगणवाडीताई, शिक्षक, डॉक्टर यांच्याकडून हा शब्द ऐकू येतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु शब्दाबरोबर एक समजूतही आली. नाव एक म्हणजे आजार एक, कारण एक आणि औषधही एकच असणार, अशी ती समजूत होय. मेंदूच्या अभ्यासाने मात्र निराळेच चित्र दाखविले आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतील नोकरदार, डॉक्टर नव्हे. तरीही वाचून आणि विचारून जे समजले ते मंडळाच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत, कारण या प्रश्नात आपल्याकडील कितीतरी घरांचा पैसा आणि कितीतरी मातांचा मान पणाला लागलेला असतो.

‘स्वमग्न’ हा शब्द खरे तर आम्हाला पुरता पटत नाही. ध्यानाला बसलेल्या माणसाला तो शोभेल. हे मूल मुद्दाम स्वतःत बुडून बसलेले नसते. आवाज, उजेड, चेहरे, स्पर्श यांचा अर्थ लावण्याची त्याच्या मेंदूची रीत वेगळी असते. पण शब्द रूढ झाला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. त्यानंतरची दोन-अडीच दशके मात्र वाया गेली असे म्हणावे लागेल. मूल असे का झाले, तर आईने त्याला माया लावली नाही म्हणून, असा सिद्धांत त्या काळात शिकल्या-सवरलेल्या लोकांनी मांडला आणि तो पुष्कळांनी मानला. विज्ञानाच्या नावाखाली आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा तो प्रकार होता. १९७७ साली सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी इंग्लंडमधील जुळ्या मुलांच्या २१ जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. माया तर दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो जनुकांचा.

आपल्याकडे हा आरोप वेगळ्या शब्दांत होतो. गरोदरपणी ग्रहण पाहिले, उसाच्या फडात काम केले, लस टोचली, मोबाइल हातात दिला, अशी यादी ऐकावी लागते. पूर्वजन्मीच्या पापाची गोष्ट आपण धम्मात मानीत नाही, तरी पोराकडे पाहून ‘काय भोग आहेत’ हे उद्गार आपल्याही ओट्यावर निघतातच.

आमच्या ओळखीच्या घरांत अशी दोन मुले आहेत. दोघेही मुलगे, दोघांचेही निदान ऑटिझम. दोघे एका खोलीत बसले तर अनोळखी माणसाला त्यांच्या वागण्यात फारसा फरक दिसणार नाही. दोघेही हात फडफडवितात, नजर चुकवितात, रोजच्या क्रमात बदल झाला की आकांत करतात. पहिल्याचा चेहरा जरा लांबट, कान मोठे आणि सांधे नको इतके लवचिक. त्याचा एक मामाही चौथीच्या पुढे गेला नाही. सगळे त्याला ‘साधाभोळा’ म्हणत. पुण्याच्या एका डॉक्टरांनी नेमकी ती मामाची चौकशी केली आणि रक्ताची एक विशिष्ट तपासणी सांगितली. तपासणीत कारण सापडले. दुसऱ्या मुलाच्या तपासण्या याहून जास्त झाल्या, खर्चही जास्त झाला, पण सगळे अहवाल निर्दोष आले. कारण सापडले नाही.

पहिल्या मुलाच्या अवस्थेला फ्रॅजाइल एक्स म्हणतात. आपल्या शरीरातील एक्स नावाच्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्यात तीन रासायनिक अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो तीसएक वेळा येतो. ४४ पर्यंत सर्वसामान्य मानले जाते. ५५ ते २०० वेळा आला तर माणूस वाहक ठरतो, म्हणजे स्वतः बहुधा धडधाकट असतो, पण दोष पुढे जाऊ शकतो. २०० च्या वर गेला की ते जनुक जवळजवळ बंदच पडते. या जनुकापासून बनणारे प्रथिन मेंदूतील पेशींच्या जोडांवर लगामाचे काम करते. कोणत्या वेळी किती नवी प्रथिने बनावीत यावर ते ताबा ठेवते. लगाम सुटला की जोड हवे तसे घडत नाहीत. हे जनुक १९९१ साली ओळखले गेले. एकाच जनुकामुळे होणाऱ्या ऑटिझमचे सर्वांत अधिक आढळणारे ज्ञात कारण ते हेच. तरीही ऑटिझम असलेल्या शंभर मुलांत अशी मुले दोन-तीनच निघतात.

येथे एक गोष्ट आपल्या समाजाच्या चालीशी जोडलेली आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. हा तुकडा आईकडून मुलाकडे जाताना लांबतो, बापाकडून मुलीकडे जाताना सहसा तितका लांबत नाही. वाहक आईच्या प्रत्येक अपत्यात तो जाण्याची शक्यता निम्मी असते. वाहक बाप मात्र तो आपल्या सगळ्या मुलींना देतो आणि एकाही मुलाला देत नाही. आता आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. भाचा फ्रॅजाइल एक्सचा असेल तर एखादा मामा धडधाकट दिसूनही वाहक असू शकतो, आणि तो असल्यास त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात. मग त्याच घरातील धाकट्या भाच्याशी मामाच्या मुलीचे लग्न झाले तर पुढच्या पिढीत पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. येथे धोका नात्यात लग्न झाल्याने येत नाही, ती मुलगी वाहक असल्याने येतो. ती परक्या घरी दिली तरी तो असतोच. हे एका रक्ततपासणीने लग्नाआधी कळते. आमच्या ओळखीच्या त्या घरात अशी बोलणी चालली होती, म्हणून हे आम्हाला जवळून समजले. हे ऐकून ‘म्हणजे दोष हिच्या माहेरचाच’ असे म्हणणारेही भेटले. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, गुणसूत्रे कोणी निवडून घेत नाही आणि ज्या आईला आपण वाहक आहोत हे ठाऊकच नव्हते तिच्यावर ठपका ठेवण्यात काही न्याय नाही.

आता दुसऱ्या मुलाकडे वळू. त्याच्यासारख्या मुलांच्या ऑटिझमला अज्ञातकारण म्हणतात. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे उचंत खाते आहे. रक्कम आली, पण ती कोणत्या खात्यात घालावी हे कळत नाही, तेव्हा ती उचंत खात्यात टाकून ठेवतात. उचंत खात्यातील सगळ्या रकमा एकाच माणसाच्या नसतात, हे कारकुनाला कोणी सांगावे लागत नाही. जसजसा तपास लागतो तसतशी एकेक रक्कम आपापल्या खात्यात जाते. ऑटिझमचेही तसेच झाले आहे. आज जनुकीय तपासण्या केल्या तर शंभरातील साधारण पंधरा-वीस मुलांत नेमके कारण हाती लागते. उरलेल्यांचे कारण जनुकीय नाहीच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. अनेक जनुकांचे बारीक बारीक फरक एकत्र येऊन, कधी गर्भावस्थेतील किंवा जन्मवेळच्या इतर कारणांची भर पडून, ही अवस्था येते असे आज मानले जाते.

या दोन प्रकारच्या मुलांचे मेंदू आतून कसे असतात? अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनी एमआरआय यंत्राने १६५ लहान मुलग्यांच्या मेंदूंची चित्रे घेतली. मुले एक ते तीन वर्षे वयोगटातील होती. त्यांपैकी ५२ फ्रॅजाइल एक्सचे, ६३ अज्ञातकारण ऑटिझमचे, ३१ सर्वसाधारण वाढ असलेले आणि १९ इतर कारणांनी वाढ मंदावलेले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कपाळामागील आणि कानशिलाजवळील जे भाग माणसे ओळखणे, त्यांच्या भावना समजणे या कामी लागतात, त्या भागांत दोन्ही गटांत फरक आढळला; परंतु तो फरक परस्परविरुद्ध दिशेचा होता. अज्ञातकारण ऑटिझमच्या मुलांत हे भाग साधारण मुलांपेक्षा सरासरीने मोठे, तर फ्रॅजाइल एक्सच्या मुलांत साधारण मुलांपेक्षाही लहान! बाहेरून वागणे सारखे वाटावे आणि आतील मोजमाप एकाचे सरासरीच्या वर तर दुसऱ्याचे खाली निघावे, याचे आम्हाला वाचताना फार नवल वाटले.

२००९ सालीही असेच दिसले होते. मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा ॲमिग्डाला नावाचा एक लहानसा भाग असतो. भीती, चेहऱ्यावरील भाव यांच्याशी त्याचा संबंध आहे. दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांत हा भाग अज्ञातकारण ऑटिझममध्ये वाढलेला आढळला. फ्रॅजाइल एक्समध्ये तो नव्हे, तर हालचाली व सवयी यांच्याशी संबंधित कॉडेट नावाचा भाग ठळकपणे मोठा होता. या अभ्यासांत मुलगेच होते. मुलींमध्ये ऑटिझम कमी ओळखला जातो, आणि अभ्यासातही त्या अशा मागे राहतात.

याहून बोलके उदाहरण सोळाव्या गुणसूत्राचे आहे. त्याच्या एका ठिकाणी सुमारे सहा लाख अक्षरांचा तुकडा असतो. काही मुलांत हा तुकडा गळालेला असतो, तर काहींत तो जादा असतो. गळाला तरी ऑटिझमची शक्यता वाढते, जादा झाला तरी वाढते. मात्र गळालेल्या मुलांचे डोके व मेंदू सरासरीने मोठे आणि वजनही वाढण्याकडे कल. जादा असलेल्यांचे डोके लहान आणि अंग सडपातळ. मजकुराचे एकच पान, एका पुस्तकातून फाटलेले आणि दुसऱ्यात दोनदा छापलेले, आणि दोन्ही पुस्तके वाचताना अडखळायला होते.

मग वर्तन सारखे का? आपल्या भागातील शेतकऱ्याला हे कळायला अवघड नाही. विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही. कधी व्होल्टेज कमी असते, कधी फूटव्हॉल्व्ह गळतो, कधी मोटर जळालेली असते, तर कधी विहिरीतच पाणी नसते. रानातून पाहणाऱ्याला एकच दिसते, की पाट कोरडा आहे. माणसांत मिसळणे, बोलणे, बदल सहन करणे ही मेंदूची अशी कामे आहेत की त्यांना अनेक भाग आणि त्यांना जोडणारे लांबलांबचे तंतू लागतात. त्यांत कोठेही, कोणत्याही दिशेने बिघाड झाला तरी परिणाम बहुतांशी त्याच कामांवर दिसतो.

मात्र सगळेच वेगळे आहे असेही नाही. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात डॅनियल गेश्विंड यांच्या गटाने मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अज्ञातकारण ऑटिझमच्या व्यक्तींचे मेंदू होते आणि पंधराव्या गुणसूत्राचा एक भाग जादा असल्यामुळे ऑटिझम झालेल्या व्यक्तींचेही होते. पेशींत कोणती जनुके जागी आहेत व कोणती मंदावली आहेत, हे पाहिले तेव्हा दोन्ही गटांत बरेचसे सारखे चित्र निघाले. म्हणजे निरनिराळ्या कारणांच्या वाटा निदान काही बाबतींत आत खोलवर एकमेकींना मिळतात. विद्यार्थ्यांनी यातून एकदम ‘सगळे सारखेच’ किंवा ‘सगळे वेगळेच’ असा निकाल काढू नये. काम चालू आहे. २०२५ साली अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून ऑटिझमचे चार उपगट मांडले गेले आणि प्रत्येक गटातील जनुकीय फरकांचा ढंग निराळा दिसला.

हे वाचून कोणी मुलाला घेऊन एमआरआय काढायला धावू नये. वर सांगितलेली सगळी मोजमापे सरासरीची आहेत. एकेका मुलाचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की चित्र पाहून ‘हा ऑटिझम’ असे म्हणता येत नाही. फिट्स येत असतील किंवा अन्य काही शंका असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, ती बाब वेगळी. निदान वागण्यावरूनच होते. आपल्या देशात प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाचणी वापरतात. तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा त्याहून अधिक झाली तर ऑटिझम समजतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमला २१ प्रकारांत स्थान आहे आणि तेथे कारण ज्ञात आहे की अज्ञात, असा भेद नाही.

मग कारण शोधण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कुटुंबाच्या दृष्टीने उपयोग वर सांगितलाच. औषधाच्या दृष्टीने तो आता कोठे दिसू लागला आहे. रेट सिंड्रोम नावाची अवस्था मुख्यतः मुलींत आढळते. शिकलेले शब्द व हातांचा उपयोग त्या हळूहळू गमावतात. तिचे जनुक १९९९ साली सापडले आणि २०२३ साली अमेरिकेत तिच्यासाठी पहिले औषध मंजूर झाले. ते फक्त रेटसाठीच आहे. फ्रॅजाइल एक्सच्या बाबतीत उंदरांवर उत्तम ठरलेली औषधे माणसांवरील मोठ्या चाचण्यांत उतरली नाहीत. नेमके कारण ठाऊक असूनही जेथे इतके अवघड जाते, तेथे कारण न विचारता सगळ्या ऑटिझमवर एकच इंजेक्शन चालते, असे सांगणाऱ्याला काय म्हणावे? मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, नावाने असे उपचार मोठमोठ्या शहरांत विकले गेले आणि लोकांनी त्यासाठी जमिनी गहाण टाकल्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही, त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे स्पष्ट केले आहे. कर्जाचा अर्ज घेऊन काउंटरवर आलेल्या आईबापांना आम्ही हे सांगतो. काही ऐकतात.

मदतीसाठी कारण सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. गोव्यातील संगाथ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या गटाबरोबर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. ६५ मुले, आणि त्यांच्या पालकांना शिकविणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करायचे, मग तिच्याबरोबर बसून ते पाहायचे, आणि मूल कोठे प्रतिसाद देते ते तिला दाखवायचे, अशी पद्धत. अशा मुलांत आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. याला ना एमआरआय लागला, ना जनुकीय तपासणी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि ज्या दोषांची तपासणी होते त्यांत ऑटिझमही आहे. पाथर्डी तालुक्यातील अडचण अशी की, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. पथक आले त्या दिवशी मूल कोपीवर असते आणि हजेरीपटावर नुसती गैरहजेरी पडते. दोन वर्षे ओळीने असे झाले की मूल पाच वर्षांचे होते. आपल्या मंडळाचे कार्यकर्ते अंगणवाडीताईंशी बोलून अशा मुलांची नावे लिहून ठेवू शकतात व परतल्यावर त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठविता येते.

पालकांसाठी बँकेच्या बाजूने एक सूचना. मूल १८ वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते आणि त्याच्या खात्यावर त्यांना सही करता येत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी अर्ज करावा.

डॉक्टरांकडे जाताना एका कोऱ्या कागदावर घराची वंशावळ काढून न्यावी. आजी-आजोबांपासून तीन पिढ्या, बापाकडची बाजू आणि आईकडचीही. कोण उशिरा बोलले, कोणाला फिट्स येत, कोणाच्या अंगावर जन्मापासून पांढरट चट्टे आहेत, कोणता मामा किंवा मावसभाऊ शाळेत टिकला नाही, कोणत्या मावशीची पाळी चाळिशीच्या आतच बंद झाली, कोणत्या आजोबांचे हात म्हातारपणी कापू लागून चालताना तोल जाऊ लागला, हे सगळे नावापुढे लिहावे. शेवटच्या दोन गोष्टी फ्रॅजाइल एक्सच्या वाहकांत आढळतात आणि मुलाच्या आजाराशी त्यांचा संबंध असेल हे घरात कोणाच्या मनातही येत नाही. फ्रॅजाइल एक्सची तपासणी स्वतंत्र असते, नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत तो दोष खात्रीने सापडत नाही, म्हणून तिचे नाव घेऊन विचारावे. मुंबईत फ्रॅजाइल एक्स सोसायटी, इंडिया ही पालकांनी उभी केलेली संस्था आहे. तिच्याकडून मार्गदर्शन मिळू शकते.